अलाबामाच्या वाटेवर : भंगार, माती आणि चिंध्यांत जपलेला इतिहास

बुधवार : बर्मिंगहॅम

अटलांटाहून पश्चिमेला अडीच तासांवर बर्मिंगहॅम. राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे सकाळी निघून सकाळीच पोचलो. गाडी भाची चालवत होती. ती अटलांटात नोकरीला आहे आणि दक्षिणेतले हे रस्ते तिच्या सवयीचे. आम्हाला जायचं होतं गीज बेंडला. अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात वसलेली ही कृष्णवर्णीयांची छोटी वस्ती, आणि तिथल्या बायकांनी जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत. शनिवारी तिथे गोधड्यांचा उत्सव होता. मधले दिवस हाताशी होते, म्हणून ठरवलं की या राज्यात कृष्णवर्णीय कलावंतांनी आपला इतिहास जिथे जिथे स्वतःच्या हातांनी जपलाय, ती ठिकाणं बघत बघत जायचं.

सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चसमोर थांबलो. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी इथे गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी डायनामाइट लावलं आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. समोरच्या बागेत पुतळे आहेत, शाळांच्या सहली येतात. ते सगळं नीट राखलेलं आहे. पण मला ओढ होती ती शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या एका घराची.

कृष्णवर्णीयांच्या जुन्या दफनभूमीला लागून हे घर आहे, जो मिंटर नावाच्या कलावंताचं. जन्म १९४३ चा, आयुष्य धातुकाम आणि बांधकामाच्या नोकऱ्यांत गेलेलं. १९८९ पासून घराभोवतीच्या जागेत त्यांनी 'आफ्रिकन व्हिलेज इन अमेरिका' उभं केलं. सगळा माल लोकांनी टाकून दिलेला. फावडी, कुदळी, साखळ्या, गाड्यांचे सुटे भाग, कामगारांच्या शिरस्त्राण टोप्या. पत्र्याचे आणि सळ्यांचे उंच योद्धे रांगेने उभे आहेत, मध्येमध्ये रंगाने हाती लिहिलेल्या पाट्या, त्यांवर बायबलची वचनं. एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंग यांची बर्मिंगहॅमच्या तुरुंगातली कोठडी. आम्ही कुंपणाच्या कडेकडेने बराच वेळ फिरलो. एकेक अवजार जवळून पाहिलं की दांड्याला घासून गुळगुळीत झालेली जागा दिसते. कोणाच्या तरी हातांनी ते झिजलेलं असतं.

मिंटर यांनी हे का सुरू केलं, ते कळल्यावर माझ्या दृष्टीने या जागेची किंमत वाढली. नागरी हक्क चळवळीवर बर्मिंगहॅममध्ये मोठी संस्था उभी राहणार अशी तेव्हा चर्चा होती, आणि १९९२ साली ती झालीही. तिच्यात पुढाऱ्यांची नावं येतील, पण मोर्च्यात नुसते चाललेले, पोलिसी कुत्र्यांपुढे आणि बंबाच्या पाण्यापुढे उभे राहिलेले साधे लोक मागे पडतील, अशी त्यांना काळजी वाटली. म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगणात त्या लोकांचं स्मारक सुरू केलं. त्यासाठी कोणाचा निधी घेतला नाही, कोणाची परवानगी मागितली नाही.

याच शहरात लॉनी हॉली यांचंही असं एक अंगण होतं. १९७९ मध्ये घराला लागलेल्या आगीत त्यांच्या बहिणीची दोन मुलं गेली, आणि थडग्याचे दगड घ्यायला पैसे नव्हते. पोलाद ओतण्याच्या कारखान्यांत साच्यासाठी वापरून टाकून दिलेले वाळूचे मऊ ठोकळे मिळत. त्यांतून हॉलींनी ती थडगी कोरली. तिथून त्यांची कला सुरू झाली आणि घराभोवतीची जमीन शिल्पांनी भरत गेली. १९९० च्या दशकात विमानतळ वाढवताना ती सगळी जागा गेली. अंगणातली कला जमिनीच्या हक्काइतकीच टिकते, हे तिथे कळतं. पुढे गीज बेंडमध्ये मला त्याची उलट बाजू दिसणार होती.

शेजारच्या बेसेमरमध्ये थॉर्नटन डायल राहत. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कारखान्यात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. कारखाना बंद पडल्यावर पूर्ण वेळ कलेला दिला. त्यांची एक मोठी कलाकृती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, 'हिस्टरी रिफ्यूज्ड टु डाय' नावाची. भेंडीची वाळलेली झाडं मुळांसकट, जुने कपडे, पत्रा, तार, साखळी. भेंडी अमेरिकेत आली ती आफ्रिकेतून, गुलामांच्या बरोबरीने.

गुरुवार : माँटगोमेरी

माँटगोमेरीला टेकडीवर २०१८ पासून एक राष्ट्रीय स्मारक आहे. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलांच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' संस्थेने ते उभारलं. १८७७ ते १९५० या काळात झुंडींनी मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची ही आठवण. गंजाच्या रंगाचे आठशेहून अधिक पोलादी स्तंभ, प्रत्येक काउंटीचा, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या विभागाचा एक, आणि त्यावर नावं कोरलेली. सुरुवातीला ते आपल्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर असतात. आपण चालत जातो तशी जमीन उतरत जाते आणि स्तंभ वर राहतात, शेवटी डोक्यावर टांगलेले. मान वर करून नावं वाचावी लागतात. काही जागी नाव नाही, 'अज्ञात' एवढंच.

याच संस्थेच्या संग्रहालयात काचेच्या बरण्यांची एक भिंत आहे. जिथे जिथे माणूस मारला गेला, तिथे त्याचे वंशज, शेजारी, गावातले स्वयंसेवक गेले, माती खणली, बरणीत भरली आणि वर नाव, ठिकाण, तारीख लिहिली. काळी माती, तांबडी, पिवळसर, वाळूची, एखादीत मुळांचे तंतू. बरण्यांपुढे मी फार वेळ उभी होते. ज्याच्या मृत्यूची पंचनाम्यात धड नोंद नाही, त्याची नोंद गावातल्या दहा लोकांनी एकत्र येऊन हातांनी केलेली. खणताना गोरे आणि कृष्णवर्णीय शेजारी काही ठिकाणी पहिल्यांदाच त्या घटनेबद्दल एकमेकांशी बोलले असतील, असं मला वाटत राहिलं.

दुपारी नदीकाठच्या शिल्पोद्यानात गेलो. हे २०२४ मध्ये सुरू झालं. सिमोन ली, क्वामे अकोटो-बाम्फो, हँक विलिस थॉमस यांची शिल्पं झाडांमधल्या वाटेवर एकामागून एक येतात. वाटेच्या शेवटी ४३ फूट उंचीची, उघड्या पुस्तकासारखी भिंत. तिच्यावर १,२२,००० आडनावं. १८७० च्या जनगणनेत अमेरिकेने गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना पहिल्यांदा नावाआडनावासकट मोजलं. त्याआधीच्या गुलामांच्या याद्यांत वय, लिंग आणि मालकाचं नाव असे. लोक भिंतीपाशी येऊन आपलं आडनाव शोधत होते. एक आजोबा नातवाला उचलून घेऊन बोटाने दाखवत होते.

त्या जनगणनेनंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हे आम्हाला शाळेत एका ओळीत उरकलं होतं गं." भिंतीपुढे उभं राहून मला त्या अर्पणपत्रिकेचं धाडस नव्याने जाणवलं. इतक्या दूरच्या माणसांची सुटका ही आपल्याच सुटकेची बातमी आहे, असं फुल्यांनी तेव्हा मानलं होतं.

संध्याकाळी आणखी एक ठिकाण, आणि हे कोणी चुकवू नये. १८४० च्या दशकात माँटगोमेरीत जे. मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून पाहिल्या. त्यातल्या अनार्का या मुलीवर तीसच्या आसपास वेळा. पुढे त्याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटलं गेलं, त्याचे पुतळे झाले. माँटगोमेरीच्याच कलावंत मिशेल ब्राउडर यांनी २०२१ मध्ये त्या स्त्रियांपैकी ज्या तिघींची नावं मागे उरली, त्या अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी यांचे उंच पुतळे उभे केले. वेल्डिंग केलेलं भंगार लोखंड, जोडकामाच्या खुणा तशाच ठेवलेल्या. तिघी ताठ उभ्या आहेत, केसांची रचना राण्यांसारखी. ब्राउडर तिथे नुसता पुतळा करून थांबल्या नाहीत. गरोदर बायकांच्या आरोग्यासाठी, प्रसूतीच्या काळजीसाठीही त्यांनी काम हाती घेतलं.

शुक्रवार : हमरस्ता ८० आणि सेल्मा

माँटगोमेरी ते सेल्मा चोपन्न मैल. १९६५ च्या मार्चमध्ये लोक हे अंतर उलट दिशेने, सेल्माहून राजधानीकडे, मतदानाच्या हक्कासाठी चालत गेले. मधली काउंटी लाउंड्स. १९६५ च्या सुरुवातीला इथली ऐंशी टक्क्यांच्या आसपास वस्ती कृष्णवर्णीय होती आणि मतदार यादीत त्यांच्यातला एकही नव्हता. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना जमीनमालकांनी शेतावरून हुसकावलं. ती कुटुंबं रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली. त्या जागी आता माहिती केंद्र आहे.

इथेच काळ्या पँथरचं चित्र राजकारणात आलं. अलाबामात बऱ्याच लोकांना वाचता येत नसे म्हणून मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह छापायचे. डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, त्याच्याभोवती गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. लाउंड्सच्या लोकांनी आपला पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं झेप घेणारा काळा पँथर. अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या चिन्हावरून ते रेखाटलेलं. निवडणूक चिन्हाची ताकद आपल्याला वेगळी सांगायला नको. तेच चित्र १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने घेतलं, आणि त्या पक्षाकडे पाहून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. शेतमजुरांच्या मतपत्रिकेसाठी काढलेलं एक काळंपांढरं रेखाचित्र किती लांब गेलं! केंद्रातल्या बाईंना मी दलित पँथरबद्दल सांगितलं. त्यांनी नामदेव ढसाळांचं नाव मला वहीत लिहून मागितलं.

सेल्माचा पूल चालत ओलांडला. कमानीवर अजून एडमंड पेटस या नावाची अक्षरं आहेत. तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनानी. गावातली बरीच दुकानं बंद दिसतात, जानेवारी २०२३ च्या टोर्नॅडोच्या, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाच्या, खुणा अजून आहेत. मुक्काम तिथेच.

शनिवार : गीज बेंड

सकाळी कॅमडेनला आलो आणि फेरीबोटीत गाडी चढवली. पाण्यातून पाव तासाचं अंतर. रस्त्याने गेलं तर तासाभराचा वळसा.

या फेरीबोटीचा इतिहास आधी सांगायला हवा. तालुक्याचं ठिकाण कॅमडेन. मतदार नोंदणी तिथेच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गीज बेंडचे लोक नाव नोंदवायला नदी ओलांडून जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये फेरीबोट बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं दवाखाना, बाजार, कचेरी समोरच्या तीरावर दिसत असूनही वळसा. आताची बोट पूर्ण विजेवर चालते.

वस्तीला आज सरकारी नाव बॉयकिन आहे. १८१६ मध्ये जोसेफ गी याने इथे कापसाचा मळा काढला, पुढे तो मार्क पेटवेकडे गेला, आणि मुक्तीनंतरही कितीतरी कुटुंबांनी मालकाचंच आडनाव ठेवलं. म्हणून आज गोधड्यांच्या चिठ्ठ्यांवर पेटवे, पेटवे, पेटवे. १९३२ मध्ये कॅमडेनच्या एका मयत सावकाराच्या वारसांनी कर्जवसुलीपायी इथल्या घराघरांतून जनावरं, अवजारं, धान्य उचलून नेलं. लोक रानातलं खाऊन जगले. त्यानंतर सरकारने मळ्याची जमीन विकत घेतली, साधी लाकडी घरं बांधली आणि १९४० च्या दशकात जमीन कुळांना विकली. लाउंड्समध्ये मतासाठी लोक तंबूत आले. गीज बेंडच्या लोकांना हुसकावणं मात्र कोणाला सोपं गेलं नाही, कारण सातबारा, आपल्या भाषेत सांगायचं तर, त्यांच्या नावावर होता. गोधड्या शिवणारे हात एका जागी टिकले, आईकडून मुलीकडे जात राहिले, त्याचं मोठं कारण मला ही जमीन वाटते.

उत्सवात सगळी वस्ती गोधड्यांनी भरलेली. कपडे वाळवायच्या दोऱ्यांवर, कुंपणांवर, व्हरांड्यांच्या कठड्यांवर. वाऱ्याने त्या फुगत होत्या. 'हाउसटॉप' म्हणजे चौकोनात चौकोन, वरून पाहिलेल्या छपरासारखा. 'ब्रिकलेअर', विटांच्या पायऱ्या. काहींना नुसते उभे पट्टे. चौकोन म्हणावा तर कोपरा एका बाजूला झुकलेला, पट्टा सरळ जाता जाता मध्येच लाल होतो. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि मग न्यूयॉर्कला त्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. ती तुलना मला अपुरी वाटते. चित्रकाराला रंग दुकानात मिळतो. इथे प्रत्येक रंग कोणाच्या तरी अंगावरून उतरलेला आहे. डेनिमच्या पँटचा खिसा उसवला की तिथे मूळचा गडद निळा चौकोन राहतो, गुडघ्याची जागा फिकट. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेऊन झोपता यावं म्हणून. त्यांची मुलगी अर्लोन्झिया तेव्हा मदतीला होती. पुढे तिनेच ही हकिकत सांगितली.

एका ओसरीवर सत्तरी ओलांडलेल्या बाई लाकडी चौकटीवर शिवत बसल्या होत्या. मी विचारलं, बसू का. त्यांनी सुई-दोरा हातात दिला. माझी आई मिरजेला वाकळी शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर, धावदोरा, काठाकडून आत. ते मी त्यांना फोनमधले फोटो दाखवून सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आतल्या भरावाचा. कापूस नाही, नुसते लुगड्या-धोतरांचे थर, असं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "आम्ही लहानपणी कापसाच्या जिनिंग गिरणीच्या जमिनीवर सांडलेला कापूस झाडून आणायचो. काठीने झोडपून त्यातली घाण काढायची. अस्तराला खताची पोती." मग माझे टाके बघून म्हणाल्या, "तुमचे फार बारीक आहेत. एवढ्या वेळात माझी अख्खी रांग होते."

मी त्यांना सिद्दींबद्दलही सांगितलं. उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानात आफ्रिकी वंशाचे लोक आहेत. त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि ते तिथून निसटून जंगलात आले. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. तीही जुन्या कपड्यांची, काठापासून सुरू करून गोल फिरत मध्यापर्यंत, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते असं त्या मानतात. बाईंनी फोटो मोठा करून कोपरे पाहिले, मग मुलीला हाक मारून तिलाही दाखवले. त्या मायलेकी बराच वेळ त्या फुलांवर बोलत होत्या, ती कशी दुमडली असतील यावर.

रविवार : रेहोबोथ, आणि परत

सकाळी चर्चमधून गाणं ऐकू येत होतं. शिवताना याच चालीची भजनं म्हणतात. १९४१ मध्ये रॉबर्ट सॉन्किन यांनी इथली गाणी अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रित केली होती.

बाहेर पडायच्या रस्त्यावर रेहोबोथला 'फ्रीडम क्विल्टिंग बी'ची जागा लागते. फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९६६ मध्ये या भागातल्या बायकांनी ही सहकारी संस्था काढली. एस्टेल विदरस्पून यांनी ती कितीतरी वर्षं सांभाळली. न्यूयॉर्कला गोधड्यांचे लिलाव झाले, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या, १९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयचे उशीचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. दुकानांना सगळं एकसारखं हवं असे, म्हणून कामावर नमुना ठरलेला. पण कापून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायका घरी न्यायच्या आणि तिथे आपल्या मनाचं शिवायच्या. सोनेरी, विटकरी, शेवाळी कॉर्डरॉयच्या त्या गोधड्या मला सगळ्यांत देखण्या वाटल्या.

संस्थेने कमाईतून तेवीस एकर जमीन घेतली. तिच्यातले भूखंड, मतदार नोंदणी केली किंवा मोर्च्यात गेले म्हणून घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना विकले. गोधड्यांच्या पैशांतून पाळणाघरही चाललं. २०१२ मध्ये संस्था बंद झाली. आता नव्या पिढीने तिचा वारसा चालवायला घेतलाय आणि २०२२ पासूनचा ऑक्टोबरचा उत्सव हा त्याच कामाचा भाग. प्रसिद्धीनंतर पैसा बायकांच्या हाती किती पोचला, यावर मधल्या काळात वाद झाले, २००७ मध्ये काही जणी कोर्टातही गेल्या. म्हणून आता इथे पिढ्यांच्या नावानिशी, थेट शिवणारीकडून विक्री व्हावी याचा आग्रह दिसतो, आणि तो अगदी बरोबर आहे.

कोणाला जायचं असेल तर ऑक्टोबरमधला शनिवारचा उत्सव गाठा. गोधडी घ्यायची असेल तर शिवणाऱ्या बाईंकडूनच घ्या आणि चिठ्ठीवर तिचं नाव, साल लिहून मागा. फोटो काढण्याआधी विचारा; ओसरी ही त्यांच्या घराचीच जागा आहे. माँटगोमेरीला किमान पूर्ण दिवस ठेवा. खाण्यापिण्याचं सामान कॅमडेनला किंवा सेल्मालाच घेऊन ठेवा, आणि निघण्याआधी फेरीबोटीच्या वेळा नक्की पाहा, नाहीतर परत येताना तो तासाभराचा वळसा ठरलेला.